हर्णै बंदराचा हिंवाळी दिनक्रम

(१)

सुवर्णदुर्गाविषयीं मराठींत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कान्होजी आंग्र्यांचें आरमार, त्यांच्या मागें पुत्रांत माजलेला कलह, तुळाजीनें पेशव्यांशीं मांडलेला दावा, इ. स. १७५५ च्या एप्रिलांत कमोडोर जेम्स यानें केलेला तोफांचा मारा व किल्ल्याचा पाडाव, या गोष्टी इतिहासाच्या सामान्य वाचकासही ठाऊक आहेत. पण ज्या बंदराच्या तोंडाशीं हा जलदुर्ग उभा आहे, त्या हर्णैच्या रोजच्या व्यवहाराविषयीं काय लिहिलें आहे असें कोणी विचारील, तर आम्हां संशोधकांस मान खालीं घालावी लागेल. किल्ला घेणारे, देणारे व गमावणारे यांचीं नांवें आपणांस मिळतात; किल्ल्याच्या सावलींत पिढ्यानपिढ्या जाळें टाकणाऱ्याचें नांव मिळत नाहीं. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. दप्तर हें मसलतीचें, वसुलाचें व तंट्याचें असतें. जो पहांटे समुद्रावर जातो आणि दिवस मावळण्याच्या सुमारास माल विकून मोकळा होतो, त्याला कागद करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.

अध्यापनाच्या कामांतून मोकळे झाल्यापासून आम्ही दर वर्षीं हिंवाळ्याचे कांहीं आठवडे हर्णैस घालवीत आलों आहों. प्रारंभीं हेतु किल्ल्यांचा होता. तटबंदी पाहावी, जुन्या घराण्यांतून आंग्रेकालीन पत्रें सांपडलीं तर उतरून घ्यावीं, एवढाच. परंतु बिऱ्हाड बंदराजवळ असल्यामुळें डोळ्यांपुढें रोज जें चालत असे, त्याकडे हळूहळू लक्ष वेधलें, आणि त्यांतून एक लहानसा प्रश्न उभा राहिला. हर्णैचा मोठा लिलाव दिवस कलल्यावर कां भरतो? सकाळींही लिलाव होतो. परंतु बंदराची खरी गर्दी तिसऱ्या प्रहरानंतरची. प्रश्न क्षुल्लक वाटेल. त्याचा पाठपुरावा करतां करतां आम्हांस जें दिसलें व जें आमच्या हातून निसटलें, तें प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम स्थळाचा विचार करूं. हर्णै हा रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील गांव. समुद्रांत सुवर्णदुर्ग आणि त्याच्या समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा असे तीन लहान किल्ले. येणेंप्रमाणें चार दुर्गांच्या मध्यें हें बंदर वसलें आहे. कनकदुर्गावर आज दीपगृह आहे. शेजारीं पाजपंढरी ही कोळ्यांची मोठी वस्ती. हर्णैंत कोळ्यांच्या बरोबरीनें मुसलमान कुटुंबेंही या धंद्यांत आहेत. किनारा उथळ व वाळूचा आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील विवेचनांत तिचा उपयोग होणार आहे.

आतां ऋतु. पावसाळ्यांत हा समुद्र कोणासही जवळ करीत नाहीं. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून मग नाव लोटावयाची ही रूढि सर्वश्रुत आहे. हल्लीं जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांना कायद्यानेंही बंदी असते. पण नारळी पौर्णिमेस समुद्र उघडला म्हणजे धंद्यास भर आला असें नव्हे. भाद्रपद-आश्विनांत वाऱ्याचा नेम नसतो. कार्तिकानंतर आकाश निवळतें, समुद्र शांत होतो, आणि तेथून होळीपर्यंत बंदराचे दिवस एका विशिष्ट ठेक्यावर पडूं लागतात. हिंवाळा हाच मासळीच्या बंदराचा खरा सुगीचा काळ होय.

आरमाराचा हंगामही हाच होता, हें येथें मुद्दाम नमूद करावेंसें वाटतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यापूर्वीं आरमार सुरक्षित बंदरीं छावणीस आणावें, अशी त्यांत आज्ञा आहे. आणि गलबतांसाठीं रयतेचे आंबे-फणस तिच्या संमतीवांचून तोडूं नयेत, ही प्रसिद्ध ताकीदही त्यांतलीच. जेम्सनें सुवर्णदुर्गावर चाल केली ती एप्रिलांत, म्हणजे हंगामाच्या अखेरीस. आणखी दोन महिने गेले असते तर त्या समुद्रावर त्याचीं जहाजें टिकतीं ना. तात्पर्य, कोळ्याचें जाळें व सरदाराची तोफ या दोहोंसही एकाच पंचांगानें बांधलें होतें. युद्धाच्या तारखा आपण पाठ करतों. त्या तारखा ज्या पंचांगांतून निघाल्या तें आपण पाहात नाहीं.

(३)

हिंवाळ्यांतील दिवसाचा आरंभ रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं होतो. जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते, म्हणून रात्रीं वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहूं लागतो. यास कोंकणांत मतलई म्हणतात. पौषांत ही मतलई अंगाला झोंबते. अंधारांत कोणी कांबळें पांघरून, कोणी डोक्यास फडकें गुंडाळून खलाशी वाळूवर जमतात, नारळाच्या सोडणांची एकादी शेकोटी पेटलेली असते, बोलणें थोडें. तांडेल येतो, आकाशाकडे व पाण्याकडे पाहतो, आणि मंडळी लहान होडींतून नांगरलेल्या नौकांकडे जातात. शिडाच्या काळीं हीच मतलई नावेस मागून ढकलीत खोल समुद्रांत नेई. आज ढकलण्याचें काम यंत्र करतें. मोठ्या नौका तर बर्फ व शिधा घेऊन अनेक दिवस बाहेर राहतात. परंतु लहान नौका अजून रोज जातात व रोज येतात, आणि त्यांची निघण्याची वेळ तीच आहे.

नावा गेल्यावर बंदर ओस पडत नाहीं. उजाडतांच सकाळचा लिलाव होतो. रात्रभर जाळीं लावून बसलेल्यांचा माल त्यांत येतो. मग ऊन चढतें तसतशीं किनाऱ्यावरचीं दुसरीं कामें सुरू होतात. जवळा पसरला जातो. कोळंबी सोलून तिचे सोडे वाळत घालतात. बोंबील दोरांवर टांगतात. आर्द्रता कमी, ऊन कडक पण करपविणारें नाहीं, अशी हवा याच महिन्यांत असल्यामुळें पुढील पावसाळ्याची तरतूद आतांच करावी लागते. राखण करणाऱ्या म्हाताऱ्या कावळे व मांजरें हांकीत बसलेल्या असतात. दुसरीकडे जाळीं पसरून त्यांतलीं भोंकें सांधणें चाललेलें असतें. जाळीं आतां नायलॉनचीं. पूर्वीं तीं सणाच्या सुताचीं असत आणि कुजूं नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यांत बुडवीत. जाळ्याचा तांबूस रंग व तो काढा उकळण्याचा वास वृद्धांच्या आठवणींत आहे. किनाऱ्यावर त्याची खूण उरलेली नाहीं.

दुपारीं वारा फिरतो. जमीन तापलेली असते. वारा समुद्रावरून आंत येऊं लागतो. तिसऱ्या प्रहरीं क्षितिजावर नौका दिसूं लागतात आणि बंदर एकदम जागें होतें. किनारा उथळ असल्यामुळें मोठ्या नौका दूरच नांगरून राहतात. त्यांचा माल लहान होड्यांत उतरतो, आणि होडींतून काढून घेण्यास बैलगाड्या थेट पाण्यांत शिरतात. बैलांच्या पोटास लाट लागत असतां गाडीवान उभा राहून टोपल्या घेत आहे, हें दृश्य आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. वाळूवर मालाचे ढीग पडतात: पापलेट, सुरमई, हलवा, रावस, बांगडा, कोळंबी, मांदेली, मुशी. प्रत्येक ढिगाभोंवतीं कडें जमतें. पुकारणारा आंकडा वाढवीत जातो; घेणारीं माणसें मानेनें, बोटानें, क्वचित् डोळ्यानें होकार देतात. घेणाऱ्यांत बायका पुष्कळ, आणि भाव तोडण्यांत त्या कोणास हार जात नाहींत. अर्ध्या घटकेंत ढीग हलतो, वाळूवर ओला डाग राहतो, आणि कडें दुसऱ्या ढिगाकडे सरकतें. अंधार पडेपर्यंत हें चालतें. मग बर्फाचा चुरा, पेट्या, मालमोटारी. त्यानंतर हिशेब व वांटे. खर्च वजा जातां राहील त्याचे भाग नाखवा व खलाशी यांमध्यें ठरलेल्या रीतीनें पडतात.

(४)

कागद नसेल तेथें शब्द साक्ष देतात. अमरकोशाच्या वारिवर्गांत धीवरास कैवर्त व दाश हीं नांवें आहेत. जाळ्यास आनाय व जाल, सणाच्या जाळ्यास शणसूत्र, मासे ठेवण्याच्या पात्रास कुवेणी, गळास बडिश. यांपैकीं जाल व शण हे दोन शब्द जाळें व सण या रूपांनीं हर्णैच्या वाळूवर वावरले. बाकीचे कोशांतच राहिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें प्रकरण आहे. मासे धरणाऱ्यांनीं नौकेच्या भाड्यापोटीं षष्ठांश द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. हा राजाच्या नौकेचा आकार होय. नाखवा-खलाशांच्या वांट्याशीं त्याचें नातें जोडणें बरोबर होणार नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं, नाव एकाची व श्रम दुसऱ्याचे या व्यवहारास हिशेबाची गरज फार प्राचीन काळींच भासली होती.

याच्या उलट, बंदरावर प्रत्यक्ष अंमल चालविणारे शब्द बाहेरून आलेले आहेत. बंदर हा शब्द फारसी. नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा स्वामी. त्यांतील ‘नाव’ हा अवयव आपल्या ‘नौ’ शब्दाचा सगोत्र आहे, ही मौज संस्कृतज्ञांस आवडेल. आणि ज्याचा आपण येथें विचार करीत आहों तो लिलाव शब्द पोर्तुगीज ‘लेलांव’ यावरून आला. पोर्तुगीज हिंदुस्थानांत आले ते इ. स. १४९८ मध्यें; तेव्हां मराठींत हा शब्द त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. यावरून बोली लावून विकण्याची चालच पोर्तुगीजांनीं आणली, असें मात्र कोणीं अनुमानूं नये. शब्दाचें वय व चालीचें वय हीं निरनिराळीं असतात.

(५)

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लिलावाची वेळ कोण ठरवितें? मनांत प्रथम येतें तें भरतीओहोटीचें नांव. कोंकणपट्टींत भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत प्रचलित आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन वाजतां भरती पूर्ण, अष्टमीस सहा वाजतां. ही रीत शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांस लागू आहे. गणितदृष्ट्या पाहतां, महिन्याच्या तीस तिथींत भरतीची वेळ अहोरात्राचा पूर्ण फेरा करते; म्हणून दर तिथीस ती अहोरात्राच्या तिसाव्या भागानें, म्हणजे ४८ मिनिटांनीं, पुढें सरकते. अहोरात्राचा तिसावा भाग म्हणजेच आपला मुहूर्त, दोन घटकांचा. एक तिथि सरली कीं भरती एक मुहूर्त सरली. कोळ्याची पाऊणपट ४५ मिनिटांची. ती दर तिथीस तीन मिनिटें कमी धरते, आणि पक्षाच्या अखेरीस पाऊण तासाची चूक पडते. पंधराव्या तिथीस तिच्या हिशेबानें सव्वाअकरा येतात, मुहूर्ताच्या हिशेबानें बारा. तोंडीं हिशेबास सोपी म्हणून ही रीत टिकली. आणि एवढी चूक तांडेल पाण्याकडे पाहून भरून काढतो.

तेव्हां भरती जर लिलावाची स्वामिनी असती, तर लिलावाची वेळ रोज एकेक मुहूर्त पुढें सरकून पंधरवड्यांत सकाळपासून रात्रीपर्यंत फिरली असती. तसें होत नाहीं. भरतीनें ठरतें तें इतकेंच कीं, आज बैलगाडी पाण्यांत कोठवर जाणार. अष्टमीच्या भांगाला एक जागा, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला दुसरी. म्हणजे भरती स्थळ ठरविते, काळ नव्हे.

दुसरी शंका धर्माची. एकादशीस व मार्गशीर्षांतील गुरुवारीं पुष्कळ घरीं मासे वर्ज्य असतात, आणि त्या दिवशीं भाव उतरतो. मासळीच्या विक्रीस तिथीचा असा लगाम घालण्याची कल्पना अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांतही दिसते. तिन्ही चातुर्मासी पौर्णिमांस व तिष्य म्हणजे पौषी पौर्णिमेस, तसेंच उपोसथाच्या दिवशीं, मासे मारूं नयेत व विकूंही नयेत अशी त्यांत आज्ञा आहे. हे स्तंभ उत्तर हिंदुस्थानांतले, तेव्हां त्यांचा कोंकणाशीं संबंध लावण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. शिवाय धर्मानें ठरतो तो दिवस, वेळ नव्हे.

उरलीं दोन कारणें: वारा आणि मालमोटार. शिडाची नाव पहांटेच्या मतलईवर जाणार व दुपारच्या समुद्रवाऱ्यावर परतणार. म्हणून माल तिसऱ्या प्रहरींच किनाऱ्यास लागणार. हें एक उपपादन. दुसरें असें कीं, बर्फांत घातलेला माल रात्रभर प्रवास करून पहांटे मुंबई-पुण्याच्या बाजारीं पोंचला पाहिजे, म्हणून व्यापाऱ्यांस संध्याकाळचीच खरेदी सोयीची. दोन्ही कारणें एकाच वेळेकडे बोट दाखवितात. म्हणूनच निवाडा कठीण होतो. आमचें मत असें कीं वेळ वाऱ्यानें घातली, आणि मालमोटारीनें ती राखली. इ. स. १९५० नंतरच्या दशकांत यंत्रें आल्यावर वाऱ्याची सत्ता गेली. ती वेळ तेव्हांच मोडली असती, पण नवी गरज नेमकी तिच्या जागीं येऊन बसली. सत्ता पालटली तरी जुनी कचेरीची वेळ चालू राहावी, त्यांतला हा प्रकार आहे.

परंतु मत म्हणजे सिद्धांत नव्हे. याची कसोटी आहे, व ती सोपी आहे. समुद्रवारा हिंवाळ्यांत उशिरां सुटतो, चैत्र-वैशाखांत लवकर. तेव्हां लिलाव वाऱ्यानें बांधलेला असेल, तर शिडाच्या काळच्या नोंदींत पौषांतील विक्री उशिराची व चैत्रांतील लवकरची दिसली पाहिजे. दिसली नाहीं, तर आमचें म्हणणें फोल. यास हवी केवळ एक जुनी वही, जींत मितीबरोबर वेळही मांडलेली आहे.

(६)

अशी वही होती. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, तरी लिहिलें पाहिजे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं, नोकरींत असतांना, सुटींत आम्ही आंग्र्यांच्या पत्रांच्या शोधार्थ त्या बाजूस गेलों होतों. बंदरापासून जवळच एका व्यापारी घराण्यांत आमचें आदरानें स्वागत झालें, आणि माळ्यावरून एक रुमाल खालीं आला. सोडून पाहतों तों पत्र एकही नाहीं. मोडींतल्या हिशेबाच्या वह्या. सूत, दोर, मीठ, तांदूळ, उचल दिलेल्या रकमा, आणि मासळीची खरेदी. कागदांस मासळीचा वास येत होता. दोनतीन पानें चाळलीं आणि रुमाल बांधून परत दिला. घरांतील वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, हें आपल्या उपयोगाचें नाहीं काय? आम्हीं सांगितलें, यांत इतिहास नाहीं.

हा प्रश्न मनांत उभा राहिल्यावर त्या घरीं पुन्हां गेलों. वृद्ध गृहस्थ वारले होते. दि. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाच्या चक्रीवादळानें या किनाऱ्यावर जो अनर्थ केला, त्यांत त्या घराचीं कौलें उडून गेलीं आणि माळा पावसांत उघडा पडला. रुमालाचा झाला होता एक दगडासारखा गोळा. पान सुटेना; जें सुटलें त्यावर शाईचा नुसता निळसर ओघळ. घरच्यांनीं तो गोळा आम्हांस दाखविला व विचारलें, कीं याचें आतां कांहीं होईल काय. पूर्वींचा प्रश्न व हा प्रश्न यांत तीस वर्षांचें अंतर होतें. उत्तर मात्र या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं.

आमच्या आठवणींत असें आहे कीं, त्या पानांवर मितीच्या पुढें समासांत ‘प्रहर’ हा शब्द कोठें कोठें होता. परंतु जें सिद्ध व्हावें असें मनांत असतें, तेंच स्मरणही दाखवूं लागतें. म्हणून ही आठवण आम्ही पुराव्यांत धरीत नाहीं, व वाचकांनींही धरूं नये.

या त्रैमासिकाचे वाचक हस्तलिखितांचे संग्राहक आहेत. पोथी, सनद, महजर, बखर यांची पारख आपणांस आहे. त्यांच्यासाठीं आपण वाटेल तेवढे कष्ट घेतां. त्यांना आमची एवढीच विनंति आहे कीं, कोंकणच्या किनाऱ्यावर कोणाच्या माळ्यावरून वह्यांचा रुमाल खालीं आला, तर वास येतो म्हणून तो परत बांधूं नये. मितीबरोबर वेळ मांडलेली आहे काय, तें पाहावें. असल्यास पौषाचें एक पान व चैत्राचें एक पान उतरून घ्यावें, आणि तें प्रसिद्ध करावें. त्या दोन पानांनीं आमचें मत खोटें ठरलें, तरी आमचें समाधानच होईल.

हर्णैचा लिलाव यंदाही पौषांत तिसऱ्या प्रहरानंतरच भरला. आम्ही रोज घड्याळ पाहून वेळ टिपून ठेविली आहे, आणि चैत्रांत पुन्हां जाऊन टिपणार आहों. यंत्राच्या काळांतली ही नोंद आमच्या प्रश्नास उपयोगी नाहीं, हें आम्ही जाणतों. पुढें कोणास दुसरा प्रश्न पडेल, तेव्हां एवढी एक वही तरी त्यास सांपडावी.